एक्झॉस्ट बदलल्यानंतरची उष्णता: पाइप गुंडाळण्याआधी अंतर आणि पत्रा पाहा

प्रश्न जळगावच्या एका गाडीमालकाचा आहे. त्यांच्याकडे दोन आसनांची, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद देणारी, दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची स्पोर्ट्‌स कार आहे. हिवाळ्यात त्यांनी कंपनीचा एक्झॉस्ट काढून तीन इंची डाउनपाइप (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पहिला पाइप) आणि मागच्या मफलरपर्यंतचा पूर्ण स्टेनलेस संच बसवून घेतला. कंपनीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा ‘कॅट’, त्यात राहिला नाही. थंडीत काही तक्रार नव्हती. एप्रिल लागल्यापासून मात्र गिअरच्या दांड्याभोवतीचा भाग हात ठेववत नाही इतका तापतो, चाळीसगावहून कन्नडचा घाट चढल्यावर जळकट वास येतो आणि मागच्या बंपरची टेलपाइपजवळची कड मऊ पडून पिवळसर झाली आहे. गॅरेजने संपूर्ण पाइपला उष्णतारोधक रॅप गुंडाळण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का, आणि नाही तर काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

संपूर्ण पाइपला रॅप गुंडाळू नका. तुमच्या गाडीत त्याचा सर्वांत मोठा तोटा बंपरला होईल. रॅप उष्णता नाहीशी करत नाही. तो तिला पाइपच्या आत अडवतो. वाटेत जी उष्णता पाइपच्या भिंतीतून बाहेर पडत होती ती आता वायूबरोबर मागे जाते, आणि मफलर व टेलपाइप आधीपेक्षा जास्त तापतात. तुमची बंपरची कड आजच मऊ पडत असेल, तर पुढचा सगळा पाइप गुंडाळल्यावर ती टिकणार नाही. रॅपला जागा आहे, पण ती फार थोडी आहे आणि कामाच्या क्रमात शेवटी आहे.

आधी नेमके काय बदलले ते पाहू. इंजिन जवळपास तेवढेच पेट्रोल जाळत आहे, म्हणून एक्झॉस्टमध्ये येणारी उष्णता साधारण पूर्वीइतकीच आहे. पूर्ण भाराखाली टर्बो पेट्रोल इंजिनाच्या टर्बाइनकडे जाणारा वायू ९०० ते १००० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, आणि ही गोष्ट कंपनीच्या एक्झॉस्टमध्येही खरी होती. फरक त्या उष्णतेच्या वाटेत पडला आहे. कंपनीच्या डाउनपाइपभोवती आणि कॅटभोवती बहुधा पत्र्याचे दुहेरी कवच असते व मध्ये हवेची पोकळी असते. बाजारातला डाउनपाइप हा दीड मिलिमीटर जाडीचा उघडा पाइप असतो. व्यास वाढला की बाहेरचा पृष्ठभागही वाढतो आणि पाइप व गाडीचा तळ यांतले अंतर घटते. कॅट काढल्याने गाडी थंड राहील असा एक समज आहे. कॅटमध्ये होणाऱ्या ज्वलनाची उष्णता जाते हे खरे, पण त्याबरोबर त्याचे कवचही जाते आणि त्या जागी उघडी नळी येते. केबिनच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा ठरतो.

माझ्याकडे रॅम्पवर आलेल्या अशा बहुतेक गाड्यांमध्ये दोषी पाइप नसतो. मूळ शील्ड, म्हणजे तळाला बसवलेला उष्णतेचा पत्रा, नवीन पाइपला लागून खडखडत होता म्हणून कोणीतरी काढून टाकलेला असतो. काही वेळा तो ठोकून वर चिकटवलेला असतो, आणि मग त्याच्यामागची पोकळी संपून त्याचा उपयोगच राहत नाही. तुमचा काढलेला पत्रा गॅरेजमध्ये पडून असेल तर आजच परत मागून घ्या. तो दिसायला किरकोळ असला, तरी गाडीच्या आराखड्यात त्याचा आकार आणि त्याची जागा विचारपूर्वक ठरवलेली असते.

पत्र्याचे महत्त्व कळण्यासाठी एक आकडा पुरे आहे. तापलेली वस्तू किरणांच्या रूपाने जी उष्णता फेकते ती तिच्या निरपेक्ष तापमानाच्या (अंश सेल्सिअस अधिक २७३) चौथ्या घाताने वाढते. पाइपचा पृष्ठभाग ४०० अंशांवरून ६०० अंशांवर गेला, तर तापमान दीडपट झाल्यासारखे वाटते, पण किरणांतून बाहेर पडणारी उष्णता जवळपास २.८ पट होते. घाट चढताना गाडीचा तळ एकाएकी का तापतो याचे उत्तर यात आहे. किरणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे मध्ये एक चकचकीत पत्रा आला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळती राहिली, तर त्यांचा मोठा भाग तेथेच परततो.

हिवाळ्यात तक्रार नसून एप्रिलमध्ये ती का सुरू झाली, हेही यातच येते. बाहेर २५ अंश असोत की ४५, सहाशे अंशांच्या पाइपला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पाइपशेजारच्या रबर, प्लॅस्टिक आणि वायरिंगला. त्यांना थंड करणारी हवाच वीस अंशांनी अधिक गरम असेल, तर त्यांचे तापमानही ढोबळमानाने तेवढेच वर सरकते. डिसेंबरात ११० अंशांवर निभावलेला भाग मे महिन्यात १३० अंशांवर जातो आणि अनेक प्लॅस्टिकांची मर्यादा नेमकी याच पट्ट्यात असते. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याहून वर जातो, आणि भर दुपारच्या डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे असतो. गाडीखालून जाणारी हवा त्या डांबराला घासून आलेली असते. त्यात घाटात इंजिनावर भार पूर्ण आणि वेग कमी, म्हणजे उष्णता सर्वाधिक आणि वारा सर्वांत कमी. थंड हवेच्या देशात तपासलेला एक्झॉस्ट इथे नापास होतो तो बहुतेक वेळा अशाच रस्त्यावर.

आता मोजमाप करा. अंदाजाने साहित्य विकत घेण्यात लोकांचे फार पैसे वाया जातात, म्हणून या टप्प्यावर मी नेहमी अडून बसतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने चकचकीत स्टेनलेसचे तापमान मोजू नका. चकचकीत धातू किरणे कमी फेकतो, त्यामुळे उपकरण प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवते. पाइपवर उच्च तापमानाच्या काळ्या रंगाचा एक ठिपका द्या आणि त्यावर मोजा, किंवा के प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारांची जोडी) क्लिपखाली दाबून वाचन घ्या. पाइपपेक्षाही महत्त्वाचे तापमान त्याच्या शेजाऱ्यांचे आहे. त्यासाठी तापमानाच्या चिकटपट्ट्या मिळतात, ज्यांवरचा चौकोन ठरावीक अंश गाठला की कायमचा काळा होतो. त्या गिअर टनेलच्या (आसनांमधला, खालून पाइप जाणारा तळाचा उंचवटा) वरच्या बाजूला, मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या रबर कपलिंगजवळच्या स्थिर भागावर, इंधनाच्या नळीच्या क्लिपवर, ब्रेकच्या नळीच्या ब्रॅकेटवर आणि बंपरच्या आतल्या कडेवर लावा. मग तोच घाट त्याच पद्धतीने चढून या. कोणता भाग किती तापतो हे लिहून ठेवले की पुढच्या प्रत्येक बदलाचा परिणाम आकड्यांत दिसतो.

त्याच वेळी अंतरही मोजा, एकदा थंड असताना आणि एकदा गरम असताना. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसचा दोन मीटर लांब पाइप सरासरी ४०० अंशांनी तापला, तर तो जवळपास १४ मिलिमीटरने लांब होतो. कंपन्या एक्झॉस्टसाठी बहुधा ४०९ सारखे स्टेनलेस वापरतात, ज्याचे प्रसरण याहून बरेच कमी असते. म्हणजे मूळ पाइपला जेवढे सरकायला लागत होते त्यापेक्षा नव्या पाइपला जास्त लागते, आणि पाइप टांगून धरणारे हँगर मात्र तेच जुने असतात. पुढे डाउनपाइपनंतर विणीचा लवचीक तुकडा, म्हणजे फ्लेक्स जॉइंट, नसेल किंवा मागचे हँगर ताठ असतील, तर पाइपला लांब व्हायला वाव मिळत नाही, तो मध्ये वर उचलला जातो आणि थेट टनेलच्या पत्र्याजवळ जातो. थंड गाडीत २० मिलिमीटर दिसणारे अंतर घाटाच्या माथ्यावर त्याच्या निम्मेही उरत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे. पत्रा मध्ये असेल तर पाइप आणि पत्रा यांत थंड स्थितीत किमान २५ मिलिमीटर ठेवावेत. इंधनाची किंवा ब्रेकची नळी पत्र्याशिवाय उघडी असेल, तर १०० मिलिमीटरच्या आत मी पाइप जाऊ देत नाही.

यापुढची तपासणी गळतीची आहे, आणि ती कोणत्याही शील्डच्या आधी व्हायला हवी. फ्लँजची पॅकिंग फुटली असेल किंवा वेल्डिंगला चीर असेल, तर तेथून निघणारा वायूचा झोत एका जागी सतत आदळत राहतो आणि त्यापुढे वायर-नळीवरची कोणतीही स्लीव्ह, म्हणजे आवरण, टिकत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करताना टिकटिक असा आवाज येतो का ते ऐका आणि जोडांभोवती काजळीचा काळा ठसा दिसतो का ते पाहा. शंका राहिली तर धुराच्या यंत्राने तपासून घ्या. गळती ही केवळ उष्णतेची बाब नाही. टनेलवरचे गिअरच्या दांड्याचे रबर बूट किंवा वायरिंगच्या भोकातले रबरी ग्रॉमेट वितळलेले असेल, तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येऊ शकतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. गाडी चालवताना डोके जड होणे, मळमळणे असे कधी जाणवले असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून गाडी उभी करा आणि हे आधी दुरुस्त करा.

वेल्डिंगबद्दल इतकेच सांगतो की स्टेनलेसचा जोड आर्गनने केला एवढे पुरेसे नाही. वेल्ड होत असताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडलेला असावा. तसे न केल्यास जोडाची आतली बाजू खरखरीत, जळालेली होते आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तेथूनच चीर सुरू होते. डेअरी आणि अन्नप्रक्रियेच्या यंत्रांवर स्टेनलेसचे काम करणाऱ्या कारागिरांना ही पद्धत चांगली माहीत असते, आणि असा माणूस एमआयडीसीत शोधणे कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून काम करून घेण्यापेक्षा नेहमीच चांगले.

आता पत्रा. तुमच्या गाडीत सर्वांत जास्त श्रम येथे घ्यावेत असे माझे मत आहे. टनेलचा मूळ पत्रा परत बसत असेल तर तोच बसवा. बसत नसेल तर पाइपची वळणे बदलून घ्या; पत्रा कापू नका. नवीन करायचा झाल्यास तळासाठी नक्षीदार अ‍ॅल्युमिनियमचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेल्या पोलादाचा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या. तो तळापासून १० ते १५ मिलिमीटर अंतरावर स्पेसर देऊन बसवा आणि पुढची व मागची कड उघडी ठेवा, म्हणजे चालत्या गाडीत मधून हवा जाईल. डाउनपाइपच्या वरच्या भागाजवळ आणि टर्बोजवळ अ‍ॅल्युमिनियम नको. ते ६६० अंशांना वितळते. तेथे स्टेनलेसचा पत्रा, पाइपलाच क्लॅम्पने धरलेला आणि मध्ये पोकळी राखलेला, योग्य ठरतो. बोल्टखाली रुंद वॉशर द्या, नाहीतर थरथरीने पत्र्याचे भोक मोठे होऊन तो सुटतो, आणि मग पुन्हा कोणीतरी तो खडखडतो म्हणून काढून टाकतो.

पत्रा कसा धरला आहे याला किती किंमत असते, याचे मोठे उदाहरण उपलब्ध आहे. २०१० साली फेरारीने ४५८ इटालिया ही आपली गाडी जगभरातून परत बोलावली. मागच्या चाकाच्या कमानीतील अस्तराला उष्णतेचा पत्रा गोंदाने चिकटवलेला होता. अति उष्णतेत तो गोंद तापून पेटण्याचा धोका आढळला आणि काही गाड्या जळाल्या. उपाय म्हणून गोंद काढून पत्रा यांत्रिक पद्धतीने, धातूच्या जोडणीने, बसवण्यात आला. इतक्या अनुभवी कंपनीकडून हे घडू शकते, तर एका दुपारी गॅरेजमध्ये चिकटवलेल्या फॉइलवर किती विसंबावे याचा विचार करा. सोनेरी परावर्तक टेपचे स्थान यावरून समजते. ती पाइपवर लावायची नसते, कारण तेथे तिचा गोंद जळतो. ती समोरच्या, वाचवायच्या भागावर लावायची असते, मध्ये हवेची जागा सोडून. आपल्याकडच्या धुळीत ती काही महिन्यांत मळते आणि मळलेली टेप परावर्तन करत नाही, म्हणून ती जोडीला ठीक आहे, पत्र्याच्या जागी नाही.

इंजिनाच्या ट्यूनिंगकडेही पाहावे लागेल. डाउनपाइपबरोबर ट्यूनही, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या सेटिंगमध्ये बदल, केला असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज यावेत अशी सोय त्यात असेल, तर ती काढून टाका. तो आवाज इग्निशन मुद्दाम उशिरा करून आणि पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळून काढलेला असतो. घाट उतरताना, जेव्हा एक्झॉस्टने निवायला हवे, तेव्हाच तो पुन्हा तापतो. इग्निशन मागे असणे, भाराखाली मिश्रण पातळ होणे आणि एखादा सिलिंडर मिस होणे ही तिन्ही कारणे एक्झॉस्टचे तापमान वाढवतात. ट्यून करणाऱ्याकडून पूर्ण भाराखालचे मिश्रणाचे आणि नॉकचे (मिश्रण सिलिंडरमध्ये अनियंत्रितपणे पेटण्याचे) लॉग मागून घ्या. ४५ अंशांच्या हवेत इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) कमी पडला की संगणक नॉक टाळण्यासाठी इग्निशन मागे घेतो, आणि त्याची किंमत एक्झॉस्ट मोजतो.

एवढे करूनही डाउनपाइपचा वरचा भाग आसपासच्या वस्तूंना तापवत असेल, तर माझी पहिली पसंती सिरॅमिक कोटिंगला आहे, आतून आणि बाहेरून. त्यासाठी पाइप काढून ब्लास्टिंग करून पूर्ण स्वच्छ करावा लागतो आणि भट्टीत भाजावा लागतो; फवारणीच्या डब्यातून घरी मारलेला रंग हे त्याचे काम करत नाही. टर्बोसाठी ब्लँकेट वापरता येते, पण ते फक्त टर्बाइनच्या घराला झाकणारे हवे. मधला बेअरिंगचा भाग त्याने झाकला गेला, तर तेथील तेल जळून कोळसा होते आणि टर्बो खराब होतो.

रॅप वापरायचाच असेल तर टर्बोपासून फ्लेक्स जॉइंटच्या आधीपर्यंतच्या छोट्या टप्प्यावर वापरा. बेसाल्टच्या धाग्याचा घ्या, काचतंतूपेक्षा तो उष्णतेत जास्त टिकतो. आणि पाकिटावरच्या मोठ्या आकड्याऐवजी सलग सोसण्याच्या तापमानाचा आकडा वाचा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर साधारण ६ मिलिमीटर चढवा, जास्त थर देऊ नका आणि स्टेनलेसच्याच पट्ट्यांनी बांधा. गुंडाळलेला पाइप उघड्या पाइपपेक्षा बराच तापतो, म्हणून पातळ भिंतीच्या नळीत आणि वेल्डजवळ चिरा पडण्याची शक्यता वाढते आणि त्या झाकलेल्या असल्यामुळे दिसत नाहीत. कित्येक हेडर (इंजिनाला जोडलेल्या एक्झॉस्टच्या नळ्या) बनवणारे रॅप केल्यास वॉरंटी देत नाहीत ते यामुळेच. साध्या लोखंडी पाइपवर तर तो पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि पाइप गंजतो. सर्वांत गंभीर धोका तेलाचा आहे: टॅपेट कव्हरमधून किंवा टर्बोच्या तेलनळीतून थेंबथेंब गळती असेल, तर तेल प्यायलेला रॅप वातीसारखा पेटतो. गळती पूर्ण बंद झाल्याशिवाय आणि हाताला कोरडे लागल्याशिवाय त्या भागात रॅप लावू नका.

बंपरचा प्रश्न वेगळा आणि तुलनेने सोपा आहे. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचा असतो. ते १६० अंशांच्या आसपास वितळते, पण त्याच्या बरेच आधी मऊ पडते. टेलपाइपचे टोक बंपरच्या कडेपासून १० ते १५ मिलिमीटर बाहेर यावे, दुहेरी भिंतीचे असावे, आणि भोवती सर्व बाजूंनी २५ मिलिमीटर मोकळी जागा असावी. टोक आत राहिले तर गरम वायू बंपरच्या मागे कोंडतो. मफलर आणि बंपर यांच्यामध्ये कंपनीचा पत्रा होता का ते पाहा. दोन आसनी गाड्यांत तो जवळपास नेहमी असतो. मऊ झालेली कड परत घट्ट होणार नाही, पण पुढचे नुकसान थांबेल.

जळकट वासाचा उगम शोधताना प्रोपेलर शाफ्टचे रबर कपलिंग, मधल्या बेअरिंगचा रबर आधार, गिअर लिंकेजचे प्लॅस्टिक बुश आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी या चार जागा आधी पाहा. रबर वरून चकचकीत होऊन त्यावर बारीक भेगा दिसत असतील, तर ते बदला. पत्रा लावल्याने जळालेले रबर सुधारत नाही. साध्या पीव्हीसी आवरणाची वायर या भागात १०५ अंशांच्या पुढे नेऊ नये. वायरची वाट बदलता येत असेल तर वाट बदला, नसेल तर काचतंतू आणि सिलिकोनची स्लीव्ह चढवा. ब्रेकच्या तेलाचेही वय तपासा: डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश असतो आणि ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो.

चालवण्याच्या सवयीत एकच बदल सांगतो. घाट चढून माथ्यावर लगेच इंजिन बंद करू नका. वारा थांबतो पण पाइप तापलेलाच असतो, त्यामुळे पुढची दहा-पंधरा मिनिटे शेजारचे भाग चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा, मग थांबा. आणि थांबताना रस्त्याकडेच्या वाळलेल्या गवतावर, गव्हाच्या काडावर किंवा पऱ्हाट्यांजवळ गाडी कधीही उभी करू नका. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरातून उडणारा कापूस शील्डच्या वरच्या पोकळीत साचतो. आपल्या भागात ही खरी जोखीम आहे, म्हणून दर सर्व्हिसला ती पोकळी हवेच्या नळीने साफ करून घ्यावी.

कॅट परत बसवावा का हे तुम्ही विचारले नाही, तरी मी बसवा असेच म्हणेन. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) नुसार आवाज आणि हवाप्रदूषणाची मानके मोडणारी गाडी रस्त्यावर चालवणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल आगीच्या दाव्यात अडचणीचा ठरतो. चांगल्या प्रतीचा, कमी अडथळ्याचा मेटल कॅट पत्र्याच्या कवचासह बसवला, तर ताकदीत जाणवण्याजोगी घट होत नाही आणि टनेलला कवच परत मिळते.

तेव्हा रॅपचे साहित्य सध्या घेऊ नका. गाडी रॅम्पवर घ्या, गळती आणि अंतर तपासा, पत्रा व बंपरची जागा नीट करून घ्या आणि चिकटपट्ट्या लावून घाटाची फेरी पुन्हा करा. त्यानंतर साधारण ५०० किलोमीटरवर सर्व क्लॅम्प आणि हँगर पुन्हा आवळून घ्या. एखाद्या गतिरोधकावर पाइपचे पोट आपटले असेल, तर त्याच दिवशी खाली वाकून अंतर पाहा, कारण एका ठोक्याने पाइप दहा मिलिमीटर वर सरकलेला असू शकतो.